बुद्धचरित्राचे दोन तरुण वाचक : धर्मानंद कोसंबी आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर

प्रस्तावना

एखाद्या ग्रंथाचा अभ्यास करताना आपण त्याचा लेखक, प्रकाशनाचे वर्ष, आवृत्त्या आणि समकालीन अभिप्राय यांची नोंद घेतो. तो ग्रंथ कोणाच्या हाती पडला आणि वाचणाऱ्याच्या आयुष्यात त्याचे पुढे काय झाले, हा प्रश्न मात्र सहसा चरित्रकारांवर सोपविला जातो. चरित्रकारही ‘या पुस्तकाने त्यांच्या जीवनाला दिशा मिळाली’ अशा एका वाक्यात तो निकालात काढतात. वास्तविक तरुण वयात वाचलेल्या इतिहासपर ग्रंथाचे आकर्षण जेव्हा चाळीस-पन्नास वर्षे टिकते, तेव्हा ते एकाच रूपात टिकत नाही. वाचक वाढतो, त्याचे ज्ञान वाढते आणि एके दिवशी तो आपल्या आवडत्या ग्रंथालाच प्रश्न विचारू लागतो. त्या प्रश्नानंतर आकर्षण संपते की अधिक खोल होते, हा वाङ्मयीन समीक्षेच्या कक्षेतील प्रश्न आहे.

या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात दोन वाचकांच्या आधारे केला आहे. एक धर्मानंद दामोदर कोसंबी (१८७६-१९४७) आणि दुसरे डॉ. बाबासाहेब आंबेडकर (१८९१-१९५६). दोघांनीही तरुण वयात मराठीतून बुद्धाचे चरित्र वाचले. दोघांचेही आयुष्य त्या वाचनाशी अखेरपर्यंत बांधलेले राहिले आणि उत्तरायुष्यात दोघांनीही स्वतः बुद्धचरित्र लिहिले. विशेष म्हणजे, बुद्धचरित्रातील सर्वांत लोकप्रिय प्रसंग दोघांनीही नाकारला. कोसंबींचा देह वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम येथे पडला, तर आंबेडकरांनी येथून जवळच असलेल्या नागपुरात धम्मदीक्षा घेतली. त्यामुळे या भागातील वाचकाला हा विषय केवळ ग्रंथालयातला वाटण्याचे कारण नाही.

सांखवाळचा वाचक

धर्मानंद कोसंबी यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील सांखवाळ या गावी झाला. त्या काळच्या पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात मराठी शिक्षणाची सोय तुटपुंजी होती. कोसंबींचे शालेय शिक्षण खंडित आणि अल्प झाले. घरच्या नारळाच्या बागायतीची देखरेख करावी आणि मिळेल ते मराठी पुस्तक वाचावे, असा त्यांचा तारुण्यातील क्रम होता. लहान वयात लग्न झालेले होते आणि संसारात मन रमत नव्हते. अशा अवस्थेत ‘बालबोध’ या मासिकात आलेले बुद्धाचे लहानसे चरित्र त्यांच्या वाचनात आले. ‘निवेदन’ (१९२४) या आत्मचरित्रात त्यांनी या वाचनाचा आपल्या मनावर झालेला परिणाम नोंदविला आहे.

‘बालबोध’ हे विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ मध्ये सुरू केलेले मुलांचे मासिक होते. थोर पुरुषांची छोटी चरित्रे हा त्याचा नित्याचा भाग होता. अशा चरित्रांचा हेतू बोधपर असे. मुलांनी थोरांचे गुण घ्यावेत, एवढीच लेखकाची अपेक्षा असे. हे मासिक वाचून कोणी घरदार सोडील आणि पाली भाषा शिकण्यासाठी समुद्र ओलांडील, असे संपादकांच्या मनात येणेही शक्य नव्हते. लेखकाचा हेतू आणि वाचकाला झालेला अर्थबोध यांत किती अंतर पडू शकते, याचे याहून ठळक उदाहरण एकोणिसाव्या शतकाच्या मराठीत क्वचितच सापडेल.

१८९९ च्या अखेरीस पत्नी आणि तान्ही मुलगी यांना मागे ठेवून कोसंबींनी घर सोडले. प्रथम पुणे, नंतर ग्वाल्हेर आणि काशी येथे त्यांनी संस्कृतचा अभ्यास केला. बुद्धाचा धर्म जिवंत कोठे सापडेल, या शोधात ते नेपाळला गेले, पण तेथे त्यांची निराशा झाली. पुढे बोधगया आणि कलकत्ता या मार्गाने १९०२ मध्ये ते सिंहलद्वीपात पोचले आणि कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात श्रामणेर होऊन पाली शिकले. ज्या मूळ ग्रंथांच्या आधारे बुद्धाचे चरित्र लिहायला हवे, तेथपर्यंत पोचण्यास त्यांना तीन वर्षे पायपीट करावी लागली. ही सारी भ्रमंती म्हणजे एका मासिकातील लेखाची संदर्भसूची शोधण्याचा प्रयत्न होता, असे म्हटले तरी चालेल.

मुंबईचा वाचक

दुसरा वाचक मुंबईत होता. कृष्णराव अर्जुन केळुसकर (१८६०-१९३४) यांनी आपले ‘गौतम बुद्धाचे चरित्र’ (१८९८) तरुण भीमराव आंबेडकरांना एका सत्कारसभेत भेट दिले, ही घटना सर्वश्रुत आहे. तथापि तिचे तपशील दोन प्रकारे सांगितले जातात. धनंजय कीर यांच्या चरित्रात ती १९०७ च्या मॅट्रिकच्या यशाशी जोडलेली असून सभेचे अध्यक्षस्थान सी. के. बोले यांना दिलेले आहे. स्वतः आंबेडकरांनी १९५६ मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत इंग्रजी चौथीच्या परीक्षेचा उल्लेख केला आहे आणि अध्यक्ष म्हणून केळुसकरांचेच नाव दिले आहे. ही प्रस्तावना ‘द बुद्धा अँड हिज धम्मा’ या ग्रंथाच्या १९५७ च्या पहिल्या आवृत्तीत छापली गेली नव्हती, ती पुढे उजेडात आली. जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वीची सभा आठवताना वर्ष आणि अध्यक्ष यांत फरक पडणे स्वाभाविक आहे. पुस्तक मात्र दोन्ही वृत्तांतांत एकच आहे.

या प्रस्तावनेतील एक मुद्दा समीक्षेच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. बुद्धाकडे वळताना आपले मन कोरे नव्हते, असे आंबेडकर सांगतात. वडील रामजी सुभेदार घरात रामायण-महाभारताचे वाचन करवून घेत. त्यातील भीष्म, द्रोण, कृष्ण, राम यांच्या वर्तनाविषयी मुलाच्या मनात शंका उठत आणि ज्या ग्रंथांत शूद्रांना हीन लेखले आहे ते आपण का वाचावेत, असा प्रश्न तो वडिलांना विचारी. द्रोण आणि कर्ण हे सामान्य स्थितीतून वर आले, वाल्मीकी तर कोळी होता, या उदाहरणांनी मनातील न्यूनगंड जावा, असे वडिलांचे उत्तर होते. मुलाचे त्याने समाधान झाले नाही. केळुसकरांचे पुस्तक हाती आले तेव्हा तुलना करण्यासाठी लागणारी सामग्री त्याच्याजवळ आधीच होती. आपल्याला बौद्ध वाङ्मयाची ओळख वडिलांनी का करून दिली नाही, हा त्याचा पुढचा प्रश्न होता.

येथे दोन्ही वाचकांतील फरक स्पष्ट होतो. कोसंबी व्यक्तिगत अस्वस्थतेतून बुद्धचरित्राकडे गेले, तर आंबेडकर सामाजिक अन्यायाच्या जाणिवेतून. कोसंबींना त्यात घराबाहेर पडण्याची वाट दिसली, आंबेडकरांना धर्मग्रंथांना पर्याय दिसला. दोघांच्याही बाबतीत पुस्तकाने रिकाम्या मनावर ठसा उमटवला नाही. मनात आधीच असलेल्या प्रश्नाला त्याने रूप दिले.

दोघांच्याही मार्गात बडोद्याचे सयाजीराव गायकवाड भेटतात, हा योगायोगही नोंदविण्याजोगा आहे. केळुसकरांचे बुद्धचरित्र बडोद्याच्या सयाजीराव ग्रंथमालेसाठी लिहिले गेले, असे आंबेडकरांच्या प्रस्तावनेत म्हटले आहे. आंबेडकरांच्या उच्च शिक्षणाला बडोद्याच्या शिष्यवृत्तीचे साहाय्य झाले. कोसंबींनाही महाराष्ट्रात राहून बौद्ध वाङ्मयाचे कार्य करता यावे म्हणून महाराजांनी दरमहा ५० रुपयांचे वेतन दिले. मराठीतील बुद्धविषयक लेखनाच्या मागे हा आश्रय नसता, तर तरुण वाचकांच्या हाती पडण्यासाठी पुस्तकेच फार थोडी राहिली असती.

गृहत्यागाचा प्रश्न

बुद्धचरित्रातील वाचकाला सर्वाधिक भारून टाकणारा प्रसंग म्हणजे गृहत्याग. राजवाड्यात सुखात वाढलेला राजपुत्र रथातून फिरायला निघतो, वृद्ध, रोगी, मृत आणि संन्यासी अशी चार दृश्ये पाहतो, त्याला वैराग्य येते आणि मध्यरात्री झोपलेल्या पत्नीला व मुलाला सोडून तो घोड्यावर बसून निघून जातो. अश्वघोषापासून एडविन अर्नोल्डच्या ‘द लाइट ऑफ एशिया’ (१८७९) या काव्यापर्यंत या प्रसंगाने असंख्य वाचकांची मने जिंकली आहेत.

कोसंबींनी ‘भगवान बुद्ध’ हा ग्रंथ १९४०-४१ मध्ये दोन भागांत लिहिला. नागपूर आणि पुणे येथील सुविचार प्रकाशन मंडळाने तो प्रसिद्ध केला. त्यापूर्वी ‘बुद्धलीलासारसंग्रह’ (१९१४) या पुस्तकात पारंपरिक कथांना त्यांनी मोकळेपणाने स्थान दिले होते. ‘भगवान बुद्ध’ मध्ये मात्र ते त्रिपिटकातील जुना भाग कोणता आणि नंतरची भर कोणती, याची काटेकोर निवड करतात. चार दृश्यांची कथा दीघनिकायातील महापदानसुत्तात विपस्सी या पूर्वबुद्धाच्या चरित्रात येते. ती पुढे गोतमाच्या चरित्रात घुसविली गेली, असे ते दाखवून देतात. मज्झिमनिकायातील अरियपरियेसनसुत्तात तर आईवडील रडत असता बोधिसत्त्वाने घर सोडल्याचे म्हटले आहे. म्हणजे रात्रीचे गुपचूप पलायनही जुन्या पुराव्याला धरून नाही.

मग घर सोडण्याचे कारण कोणते? कोसंबी जुन्या सुत्तांतून तीन कारणे काढतात. गृहस्थाश्रम अडचणीचा आणि मलिन वाटला, हे एक. स्वतः जरा-मरणाच्या अधीन असून तशाच वस्तूंच्या मागे लागणे अयोग्य वाटले, हे दुसरे. तिसरे कारण सुत्तनिपातातील अत्तदण्डसुत्तात आहे : थोड्या पाण्यात तडफडणाऱ्या माशांप्रमाणे परस्परांशी झगडणारी माणसे पाहून आणि शस्त्रे हाती घेतल्याने निर्माण होणारे भय पाहून मन उद्विग्न झाले. या तिसऱ्या कारणाची सांगड त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात झालेल्या भांडणाशी घातली. शाक्यांचे राज्य हे मोठे साम्राज्य नसून कोसलाच्या वर्चस्वाखालचे लहान गणराज्य होते आणि शुद्धोदन हा स्वतः शेती करणाऱ्या शाक्यांपैकी एक होता, हेही त्यांनी आग्रहाने मांडले. पुढे याच कल्पनेवर त्यांनी ‘बोधिसत्त्व’ हे नाटक लिहिले.

आंबेडकरांनी आपल्या ग्रंथाच्या प्रारंभी जे प्रश्न उपस्थित केले, त्यांतील पहिलाच प्रश्न परिव्रज्येचा आहे. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोपर्यंत एकही म्हातारा, रोगी किंवा प्रेत पाहिले नसेल, हे बुद्धीला पटणारे नाही, असा त्यांचा आक्षेप आहे. त्यांच्या कथनात सिद्धार्थ शाक्यसंघाचा सभासद होतो, रोहिणीच्या पाण्यावरून कोलियांशी युद्ध करण्याच्या ठरावाला विरोध करतो, बहुमत त्याच्या विरुद्ध जाते आणि तो परिव्रज्या पत्करतो.

दोन्ही ग्रंथांतील हे साम्य उघड आहे. कोसंबींची उपपत्ती आंबेडकरांच्या ग्रंथाच्या सोळा-सतरा वर्षे आधी मराठीत आलेली होती. थेट प्रभाव सिद्ध करणे हा येथे हेतू नाही. महत्त्वाचे हे की, तारुण्यात ज्या चरित्राने दोघांना भारून टाकले होते, त्या चरित्राचा जीव मानला जाणारा प्रसंगच त्यांनी प्रौढपणी बाजूला सारला, आणि तरीही चरित्रनायकावरची त्यांची निष्ठा कमी झाली नाही.

उपपत्तीची मर्यादा

या ठिकाणी थांबून गौरव करणे सोपे आहे. परंतु ज्या कसोटीवर कोसंबींनी जुन्या कथेला घासले, तीच कसोटी त्यांच्या उपपत्तीलाही लावली पाहिजे. अत्तदण्डसुत्तात कलहाचे वर्णन आहे, रोहिणी नदीचे नाव नाही. रोहिणीच्या पाण्याच्या भांडणाची कथा जातकांच्या आणि धम्मपदाच्या अट्ठकथांत, म्हणजे कित्येक शतकांनंतरच्या भाष्यग्रंथांत येते. शिवाय तेथे ते भांडण बुद्धत्व प्राप्त झाल्यानंतरचे आहे आणि ते मिटविणारा स्वतः बुद्ध आहे. म्हणजे कोसंबींनी नंतरच्या काळातील म्हणून एक कथा नाकारली आणि नंतरच्याच काळातील दुसरी कथा काही वर्षे मागे नेऊन स्वीकारली. त्यांचे अनुमान संभवनीय आहे, पण ते अनुमानच आहे.

आंबेडकरांच्या ग्रंथात या अनुमानाचे सलग कथानक होते. संघातील चर्चा, मतदान, सक्तीची सैन्यभरती यांचे तपशील कोणत्याही एका प्राचीन ग्रंथात या क्रमाने मिळत नाहीत. मात्र आंबेडकरांचा हेतू इतिहासग्रंथ लिहिण्याचा नव्हता. नव्याने बौद्ध होणाऱ्या समाजाच्या हाती विवेकाला पटेल असा एकसंध ग्रंथ द्यावा, हा त्यांचा हेतू होता. पुराव्याच्या काटेकोरपणाची अपेक्षा जितकी कोसंबींकडून करता येते, तितकी या ग्रंथाकडून करणे हा ग्रंथप्रकाराचा विचार न करण्याचा दोष ठरेल.

तरीही दोघांनाही रोहिणीचा प्रसंग इतका जवळचा का वाटला, याचा विचार केला पाहिजे. कोसंबी लिहीत होते तेव्हा दुसरे महायुद्ध सुरू होते आणि ते स्वतः गांधीजींच्या सत्याग्रहात भाग घेतलेले होते. आंबेडकरांच्या मागे महाडच्या चवदार तळ्याचा १९२७ चा सत्याग्रह होता. पाणी कोणाचे, हा त्यांच्या सार्वजनिक जीवनातील पहिला मोठा लढा होता. पाण्यावरून पेटलेल्या कलहात शस्त्र नाकारणारा सिद्धार्थ या दोन वाचकांना आपल्या काळाचा वाटला, असे अनुमान करता येते. प्रत्येक पिढी जुन्या चरित्रात आपला प्रश्न शोधते. तसे केल्याने चरित्र खोटे ठरत नाही. मात्र आपण शोधलेले आणि ग्रंथात असलेले यांतील रेषा वाचकाने पुसू नये.

वर्धा : दोन ग्रंथांची भेट

कोसंबींच्या आयुष्याचा शेवट त्यांच्या वाचनाइतकाच विचारप्रवर्तक आहे. वार्धक्य आणि आजार यांमुळे देह समाजाला उपयोगी राहिला नाही, तेव्हा अन्नत्याग करून तो सोडावा, असा त्यांनी निश्चय केला. १९४६ मधील त्यांचा पहिला प्रयत्न गांधीजींच्या आग्रहामुळे थांबला. पुढे ते सेवाग्रामला आले आणि ४ जून १९४७ रोजी दीर्घ उपोषणानंतर तेथेच त्यांचे निधन झाले. गांधीजींनी दिल्लीतील प्रार्थनासभेत त्यांचे स्मरण केले. देहदंडाला बुद्धाचा विरोध होता, हे कोसंबींहून अधिक कोणाला ठाऊक असणार? परंतु उत्तरायुष्यात ते पार्श्वनाथाच्या चातुर्याम धर्माकडे आकृष्ट झाले होते. त्यावरील त्यांचे पुस्तक १९४९ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झाले. ज्या बुद्धाच्या शोधात आयुष्य घालवले, त्याच्या चौकटीबाहेरचा निर्णयही ते घेऊ शकले. आंधळ्या भक्ताला हे जमत नाही.

वर्ध्याशी या विषयाचा आणखी एक धागा आहे. भदन्त आनंद कौसल्यायन यांनी वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीत अनेक वर्षे काम केले. जातककथांचा हिंदी अनुवाद त्यांचाच. पुढे आंबेडकरांच्या ‘द बुद्धा अँड हिज धम्मा’ चा हिंदी अनुवादही त्यांनीच केला. पवनारच्या आश्रमातील विनोबांनी धम्मपदाची ‘नवसंहिता’ सिद्ध केली. जपानी भिक्षू फुजी गुरुजी १९३३ मध्ये गांधीजींना भेटण्यासाठी वर्ध्यास आले होते. त्यांच्या संघाचा विश्वशांती स्तूप १९९३ पासून येथे उभा आहे. पाली विद्वत्तेचा आणि आंबेडकरी धम्माचा, असे दोन्ही प्रवाह या जिल्ह्यातून वाहतात. एकाचे स्मरण सेवाग्रामला येणारे अभ्यासक करतात, दुसरा ग्रंथ येथील असंख्य घरांत श्रद्धेने वाचला जातो. हे दोन वाचक एकमेकांचा ग्रंथ मात्र फारसे उघडत नाहीत, असा अनुभव आहे. कोसंबींच्या वाचकाला आंबेडकरांचे कथन पुराव्याविना वाटते आणि आंबेडकरांच्या वाचकाला कोसंबींची चिकित्सा कोरडी वाटते. दोघांचीही सुरुवात एका साध्या मराठी बुद्धचरित्रापासून झाली होती, याचा दोघांनाही विसर पडतो.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. तरुण वयात वाचलेल्या इतिहासपर ग्रंथाचे आकर्षण टिकते ते त्यातील प्रत्येक तपशील खरा असतो म्हणून नव्हे. ‘बालबोध’ मधील चरित्र किंवा केळुसकरांचा ग्रंथ आजच्या संशोधनाच्या कसोटीवर पूर्ण उतरणार नाही. परंतु वाचकाच्या मनातील प्रश्नाला त्यांनी एक माणूस दाखवला, आणि हे त्यांचे कार्य कोणत्याही नव्या संशोधनाने रद्द होत नाही. दुसरे असे की, खरे आकर्षण वाचकाला मूळ साधनांकडे नेते. कोसंबी पालीकडे गेले, आंबेडकरांनी जवळजवळ अर्धशतक तौलनिक वाचन केले. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. दोघांनीही आपल्या प्रिय चरित्रातील सर्वांत प्रिय प्रसंग तपासला आणि नाकारला. तपासणीला त्यांनी ग्रंथाचा अपमान मानले नाही.

महाविद्यालयीन वर्गात आज बुद्धचरित्र शिकविताना एखादा विद्यार्थी चार दृश्यांच्या कथेविषयी शंका घेतो, दुसरा रोहिणीच्या कथेचा पुरावा मागतो. अशा वेळी श्रद्धा दुखावेल म्हणून शिक्षकाने विषय बदलणे सोयीचे असते. पण हे दोन्ही प्रश्न विचारण्याचा अधिकार त्या विद्यार्थ्याला कोसंबी आणि आंबेडकर यांनीच मिळवून दिला आहे. तो प्रश्न वर्गातच विचारला जावा आणि त्यासाठी दोन्ही ग्रंथ एकाच टेबलावर उघडले जावेत, एवढी व्यवस्था आपण करू शकलो, तर सव्वाशे वर्षांपूर्वी नारळाच्या बागेत बसून मासिक वाचणाऱ्या त्या तरुणाचे वाचन आपल्यापर्यंत पोचले असे म्हणता येईल.